लाइन आली की बाबांचा फोन

बाबा, मी पुढच्या महिन्यात जर्मनीला शिकायला चालले आहे. हे वाक्य एवढ्यात इतक्या जणांना सांगून झालं की आता तोंडातून आपोआप निघतं, आणि तुम्हाला तेवढं सांगायचं राहून गेलं. परवा विहारात माझा सत्कार झाला. शाल दिली, नारळ दिला, भाषणं झाली. शेजारचे काका माईकसमोर उभे राहून म्हणाले, "आपल्या इथं कम्प्युटर शिकवत नाही का? तिथपर्यंत कायले जातेस वो बाई?" सगळे हसले, मीही हसले. शेतात, कारखान्यात, रस्त्यावर बसवलेली यंत्रं एकमेकांशी कशी बोलतात आणि माणसाला निरोप कसे देतात, ते शिकायला चालले आहे, असं सांगितलं असतं तर काकांनी पुन्हा 'कायले' विचारलंच असतं. घरी बॅगेवरून रोज भांडण. आई रोज लाखोळीची डाळ आणि तिखटाच्या पुड्या भरते, मी रोज काढते. तिच्या मते जर्मनीत मीठमिरची मिळत नाही. एक गोष्ट मात्र आम्ही दोघींनीही काढली नाही. तुम्ही दिलेला पिवळ्या दांड्याचा टेस्टर.

तो कधी दिलात, आठवतं का? शेतातल्या मोटरच्या खोलीत तुम्ही तो मोबाईलवाला डबा बसवलात, तेव्हाची गोष्ट. तुमची कंडक्टरची नोकरी, गाडी पहाटेची, आणि शेतात लाइन, म्हणजे वीज, कधी येईल याचा काही नेम नाही. मोटर सुरू करायला धावत कोण जाणार? म्हणून तुम्ही तो डबा आणलात. त्याच्यात सिमकार्ड. लाइन आली की डबा तुम्हाला रिंग द्यायचा, मग तुम्ही डब्याला रिंग द्यायची, की मोटर चालू. आई म्हणाली होती, "हे तुमचं खूळ आहे." पण तुम्ही पवनीच्या स्टँडवर गाडी थांबली की खिशातून फोन काढून इकडे मोटर सुरू करायचात. सुट्टीत मी तुमच्या गाडीत बसून यायचे, तेव्हा एक आजोबा तुम्हाला म्हणाले होते, "कंडक्टर साहेब, आधी आमचं तिकीट फाडा, मंग तुमचं धान भिजवा." तुम्हीही हसलात. मी त्या डब्याचं झाकण उघडायला गेले तेव्हा मात्र हसला नाहीत. माझा हात धरून मागे ओढलात आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून टेस्टर आणून हातात दिलात. "आधी लाइन आहे का पाहाव, मंग हात लावाव." मी आठवीत होते. दिवसभर घरातलं प्रत्येक बटण तपासत फिरले, शेवटी आईनं टेस्टर काढून घेतला.

आणि तुमचे ते मिस कॉल. पहाटे डेपोत पोचलात की घरच्या फोनवर रिंग द्यायचात आणि कापायचात. त्याचा अर्थ, तुम्ही नीट पोचलात आणि आता पोरीनं उठून अभ्यासाला बसावं. एकदा मी उचलला. कारण काही नव्हतं, परीक्षेचा दिवस होता आणि तुमचा आवाज ऐकावासा वाटला एवढंच. तुम्ही ओरडलात, "काहून उचलली? मिस कॉल उचलाचा नसते बेटा, समजाचा रायते!" संध्याकाळी घरी आलात तेव्हा पेपर कसा गेला ते विचारलंत, त्या फोनचं काही बोलला नाहीत. मी दिवसभर रुसून होते. आता तुमची बाजू कळते. हाताखाली तिकिटांची पेटी, गाडी सुटायला आलेली, आणि पोरगी हॅलो हॅलो करते आहे.

नववीत असताना तुम्ही गेलात. त्या दिवसाबद्दल मी इथे लिहिणार नाही, तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यानंतरचं माहीत नसेल. उन्हाळी धान उभं होतं आणि डबा मुका झाला. आई रिंग देऊन थकली. "डब्बा बी बोलून नाही राहिला मायासंग," म्हणाली आणि मोटरच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहिली. मी टेस्टर घेतला, आधी लाइन आहे का पाहिलं, मग झाकण उघडलं. बिघाड काही नव्हता. डब्यातलं कार्ड बंद पडलं होतं, कारण त्याचं रिचार्ज तुम्ही करायचात आणि ते आम्हा दोघींना माहीतच नव्हतं. तुमचा फोन घरी कपाटात होता. मी त्यातलं तुमचं कार्ड काढून डब्यात टाकलं आणि डबा ज्याला रिंग देतो तिथे तुमच्याऐवजी आईचा नंबर भरला. आईनं रिंग दिली आणि मोटर सुरू झाली. मला इतका आनंद झाला की पुढचं सुचलंच नाही.

पुढचं असं, की दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात लाइन आली आणि डब्यानं आईला फोन केला. आई पावशीच्या पात्यावर वांगी चिरत होती. स्क्रीनवर नाव आलं, 'बाबा'. ते नाव मीच टाकून दिलं होतं तिच्या फोनमध्ये. ती नुसती बघत राहिली. मला वाटलं आता रडेल, पण रिंग थांबेपर्यंत ती हलली नाही. मग हात धुतले आणि म्हणाली, "लाइन आली वाटते." मी नाव बदलून 'मोटर' करते म्हटलं. "राहू दे," म्हणाली. तेव्हापासून आमच्या घरी लाइन येत नाही, तुमचा फोन येतो. एकदा शेजारची नवीन सून चहाला आली होती. आईचा फोन वाजला आणि आई उठत म्हणाली, "त्यायचा फोन आला, जाते मी शेतात." सुनेनं भिंतीवरच्या तुमच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं आणि चहा तसाच टाकून घर गाठलं. आई महिनाभर ते आठवून हसत होती.

आता खरी गोष्ट. तो डबा म्हातारा झाला. जुनं नेटवर्क बंद होणार म्हणतात, अर्धा दिवस त्याला टॉवरच सापडत नाही. मी पुण्याची नोकरी सोडून आले, तेव्हाच ठरवलं होतं की जायच्या आधी आईला नवीन मशीन करून द्यायचं. उन्हाळाभर बसून केलं. धानाच्या बांधीत पाणी किती, लाइन आहे की नाही, मोटर चालू की बंद, सगळं मोबाईलवर दिसतं. मी जर्मनीत बसून आपली मोटर चालू करू शकते, बाबा! मी आईला अर्धा तास समजावून सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् फोन?"

"फोन नाही येत आई, स्क्रीनवर लिहून येते."

"मंग मले नाही पायजे."

मला राग आला. खूप आला. तुमचाच स्वभाव आहे, काय करू? मी म्हटलं, लोक असली यंत्रं मागून मागून घेतात आणि तुला फुकट मिळतं तर नको. ती शांतपणे तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "तू जाशील. तुझा फोन येईल तुले सवड भेटली का, संध्याकाळी, रविवारी. ते बराबरच आहे. पण दिवसा मले कोन बोलावते मंग?"

इतकी वर्षं मी समजत होते की ती सवयीनं ते नाव ठेवून आहे.

मशीननं फोन करावा एवढा बदल काही मोठा नव्हता, बसून करून टाकला. अडचण तुमच्या कार्डाची होती. ते जुनं, नवीन मशीनमध्ये चालत नाही. त्याच नंबरचं नवीन कार्ड हवं. आम्ही दोघी लाखांदूरला मोबाईलच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "ज्यांच्या नावावर आहे त्यांना आणा, अंगठा लागतो." तुमच्या मृत्यूचा दाखला माझ्या पर्समध्ये होता, मी चेन उघडतच होते, तेवढ्यात आई बोलली, "ते नाही येत. ते वारले. पण नंबर चालू आहे त्यायचा." दुकानदारानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काकू, मग तुमच्या नावावर करावा लागेल. आणि मधात काही दिवस बंद राहीन. चालू झाला नाही तर मले बोल नका लावू." आईनं अंगठा दिला आणि म्हणाली, "नावाचं काय ते करा. नंबर बदलू नका."

ते दिवस वाईट गेले. धानाची रोवणी होऊन गेली होती आणि पावसानं दडी मारली. आई सकाळी उठून स्वतःच शेतात जायची, लाइन आली का पाहायला. घरी असली की फोन समोर ठेवायची. मी सामान भरायचं सोडून दिलं. मनातून ठरवलं होतं की नंबर गेला तर तिकीट पुढे ढकलायचं. ढकलून काय झालं असतं, ते मलाही माहीत नाही. मी तिकडे गेले आणि ती या घरात दिवसभर त्या मुक्या फोनकडे बघत बसली आहे, हे डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. आईला यातलं काही बोलले नाही. तिनंही विचारलं नाही, पण त्या दिवसांत डाळ बॅगेत भरायची थांबली होती.

परवा दुकानदाराचा निरोप आला, नंबर चालू झाला. काल मी कार्ड मशीनमध्ये बसवलं. फोन कुणाला करायचा, तर पहिला नंबर आईचा. तिथेच थांबायला हवं होतं. मी दुसरा नंबर माझा टाकला. शेतात लाइन आली हे जर्मनीत मला कळून काय उपयोग? काही नाही. इकडचं कार्ड मी तिकडेही चालू ठेवणार आहे, आणि इथे सकाळी लाइन येईल तेव्हा तिथे पहाट असेल, तुम्ही उठवायचात तशी. आईला हे सांगितलेलं नाही.

हे सगळं तुमच्याच नंबरवर पाठवावं असं एकदा मनात आलं. पण तिथे आता मशीन आहे आणि ते लगेच उलट कळवेल, "आदेश समजला नाही." ते वाक्य मीच लिहिलं आहे त्याच्यात, म्हणून राहू देते.

काल दुपारी लाइन आली. आई शेताच्या कडेला धुऱ्यावर त्या टोकाला उभी होती, आधी तिचा फोन वाजला. तिनं पदरातून काढून पाहिला, माझ्याकडे बघून हात हलवला आणि हसली. मग माझ्या हातातला वाजला. स्क्रीनवर तुमचं नाव. इतक्या वर्षांनी तुमचा फोन मला आला, बाबा. उचलाचा नसते, समजाचा रायते, हे मला पाठ आहे. आईकडे पाठ फिरवली, आणि उचलला. हॅलो म्हटलं.