‘टाकणे’ या शब्दाची शेवटची चिठ्ठी

मी, लता सावळीराम मौले, वय बहात्तर, राहणार इंदिरानगर, नाशिक, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. अक्षर कापरे दिसेल, पण ते वयाने. कोणाच्या धाकाने नाही. याआधी मृत्युपत्र केलेले नाही. वकिलांनी एक मसुदा टाइप करून दिला होता, तो मी सही न करता परत पाठवला.

त्यात पहिल्याच ओळीत माझ्या नावापुढे ‘परित्यक्ता’ असे लिहिले होते. वकील माणूस सज्जन. “बाई, कागदोपत्री असंच लिहितात,” म्हणाले. मी म्हटले, साध्या मराठीत सांगा. ते जरा अडखळले आणि म्हणाले, “नवऱ्यानं टाकलेली.” अठ्ठेचाळीस वर्षे हा शब्द ऐकून मी थकले आहे. मेल्यावर तरी तो माझ्या नावाला चिकटू नये, म्हणून हा सगळा खटाटोप.

कलम १. इंदिरानगरातील माझी एक खोली आणि स्वयंपाकघर, भांडीकुंडी आणि पतसंस्थेतील ठेव हे सर्व माझी भाची संध्या, म्हणजे माझ्या भावाची मुलगी, हिला मिळावे. तिने येथे राहावे किंवा विकावे. माझी आठवण म्हणून खोली बंद ठेवून धूळ खाऊ देऊ नये. माझे पती सिन्नरचे कै. हिरामण यांच्या दुसऱ्या संसारातील मुलांचा माझ्या मिळकतीशी काही संबंध नाही. माझेही त्यांच्याशी भांडण नाही.

कलम २. मी एका वाचनालयात एकतीस वर्षे पुस्तकबांधणी केली. त्यातली दाभणे, सुताची रिळे, खळीचे पातेले आणि पुठ्ठे दाबायचा लोखंडी प्रेस माझ्या जागी आलेल्या किशोरला द्यावा. मोठी कात्री त्याने ‘दोन दिवसांसाठी’ नेली, त्याला नऊ वर्षे झाली. ती मी त्याला दिली असे समजावे. मात्र त्याने खळीत मोरचूद घालायला विसरू नये. दरवेळी विसरतो आणि कसर लागली की माझ्याकडे रडत येतो.

कलम ३. कपाटाच्या खालच्या कप्प्यात चपलांचे सात खोके आहेत. त्यांत चिठ्ठ्या आहेत, रद्दी नव्हे. फाटलेली पुस्तके शिवताना मी ती वाचत असे. पाककृती, पंचांगे, गुराढोरांचे वैद्यक, शेतीची पुस्तके, टपालाचे नियम, पत्रे कशी लिहावीत याची पुस्तके. जे हाताखाली येईल ते. त्यात साधा शब्द कुठे कसा वापरला आहे ते चिठ्ठीवर उतरवायचे: वर शब्द, मग वाक्य, खाली पुस्तकाचे नाव. सहा खोक्यांत सगळे शब्द आहेत. सातवा खोका एकट्या ‘टाकणे’चा आहे.

माझ्या हाताखालून गेलेल्या जुन्या पाककृतींत मीठ ‘घालतात’. ‘टाकतात’ ती देठे आणि साली. शेतीच्या पुस्तकात बी टाकतात. टपालाच्या पुस्तकात पत्र पेटीत टाकतात. पत्रलेखनाच्या पुस्तकात एकमेकांवर विश्वास टाकतात. गुरांच्या वैद्यकात गाय वैरण टाकते. शाळेच्या वाचनपाठात साप कात टाकतो. गाईला जमते, सापाला जमते; बाई मात्र छापलेल्या पानावर नेहमी टाकलेलीच सापडली. ‘नवरा टाकून आली’ असे भांडणात बायकांच्या तोंडून मी ऐकले आहे. पुस्तकात शोध शोध शोधले, एक चिठ्ठी झाली नाही.

ती चिठ्ठी मला का हवी होती, ते आता सांगते.

माझे लग्न सिन्नरला झाले. हिरामणने माझ्यावर हात टाकला तो मी सोसला, कारण सगळ्याच सोसत होत्या. एके दिवशी मी वाचनालयातून आणलेले पुस्तक त्याने आंघोळीच्या पाण्याच्या बंबात टाकले आणि वर हसला. मला मारण्यापेक्षा ते मला जास्त का लागले, हे आजही नीट सांगता येत नाही. दुपारी तो बाहेर गेल्यावर मी पिशवी भरली आणि चालू लागले. मला कोणी हाकलले नाही. तो तर दोनदा न्यायला आला होता.

माहेरी मखमलाबादला पोचले तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसलेले, भोवती शेजारची माणसे. आबांच्या शब्दापुढे घरात कोणी जात नसे. सोमनाथदादा मळ्यातून गुलाबाची पाटी घेऊन आला, ती खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “त्यानं टाकली असंल तर ऱ्हा, घर तुझं हाय. पण आपल्या मनानं आली असशील तर उद्याच्या यष्टीनं नेऊन घालतो.”

मी म्हटले, “टाकली.”

तेवढ्या एका शब्दावर मला छप्पर मिळाले. पुढे लोकांनी हिरामणची चार माणसांत अब्रू काढली, तरी त्याने खरे सांगितले नाही. बायको टाकली म्हणवून घेणे त्याला बायकोने टाकले म्हणवून घेण्यापेक्षा सोपे गेले असावे. मीही गप्प राहिले, आणि त्याची मला लाज वाटते. गेल्या वैशाखात तो वारला. आता माझ्या खोटेपणाने कोणाचे काही राखले जात नाही.

कलम ४. माझा भाऊ सोमनाथ याला मी काही ठेवत नाही. त्याने मला जन्मभर सांभाळले, हे मान्य आहे. पण उद्याच्या यष्टीचे त्याचे ते बोलणे मी विसरले नाही. खरे बोलले असते तर त्याने मला परत नेऊन घातले असते, या भीतीत मी त्याच्या घरी अकरा वर्षे भाकरी खाल्ली. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही असे वकिलांनी सांगितले, म्हणून मुद्दाम त्यालाच साक्षीदार करते. ऐकून घेईल तरी.

कलम ५. खोके संध्याने सांभाळावेत. हा कागद नोंदला गेला की तोही एक लिखित दाखलाच होईल. मग तिने सातव्या खोक्यात शेवटची चिठ्ठी घालावी. घालावी म्हणते, टाकावी नव्हे. मजकूर असा:

टाकणे. “मी नवरा टाकला.”
लता सावळीराम मौले यांचे मृत्युपत्र, कलम ५.

वरील सर्व मी वाचले, ते खरे आहे. यावेळी खरे आहे.

ठिकाण: नाशिक
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५
सही: लता सावळीराम मौले

साक्षीदार १: सुवर्णा ओम जाधव, शेजारी, इंदिरानगर. लताबाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: सोमनाथ सावळीराम मौले, मखमलाबाद. शेरा स्वतःच्या हातचा:

पुरं वाचून दाखवलं, ऐकलं. लते, तुझ्या पिशवीत कपडे घडी घालून व्हते. हाकललेल्या बाईला घड्या घालायला कोण सवड देतं? तू आपल्या पायानं आली हे मला तवाच कळलं. आबा ओट्यावर ऐकत व्हते. म्हणून इचारतानाच तुला उत्तर सांगितलं.