खालची खोली विभाला

मी, हेमचंद्र गणपत शिंत्रे, वय वर्षे बहात्तर, मूळ गाव गडहिंग्लज, जिल्हा कोल्हापूर, हल्ली मुक्काम चौक, लखनौ, धंदा मालीश करणे आणि शिकवणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर राहून करत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. नशा म्हणाल तर सकाळच्या चहाची. डॉक्टर दीप्ती यांनी मला आजची तारीख, वार आणि सात आठे किती ते विचारले. तिन्ही उत्तरे बरोबर आली. मग मी त्यांना न विचारताच सांगितले की तुमची मान डावीकडे धरली आहे. तेव्हा त्यांनी दाखल्यावर सही केली.

वकीलसाहेब म्हणाले, "शिंत्रेजी, मराठी में लिखेंगे तो कचहरी में पढ़ेगा कौन?" त्यांच्यासाठी हिंदी प्रत सोबत जोडली आहे. पण ज्यांना दोन शब्द सुनवायचे आहेत त्यांना मराठी समजते. मजकूर माझा, टायपिंग शेजारचे निवृत्त शास्त्रज्ञ नंदकुमार यांचे. माझी वाक्ये सुधारायची नाहीत अशी त्यांना ताकीद आहे.

कलम १. माझी पद्धत. कोल्हापूरच्या तालमीत पैलवानांची अंगे रगडून माझा हात तयार झाला. पुढे सैन्याच्या वैद्यकीय दलात लागलो, बदली लखनौला झाली आणि पेन्शन घेऊन मी इथेच राहिलो. त्याला कारण चौकातले एक म्हातारे तबलजी. त्यांचा खांदा आखडला होता. मी खांदा मोकळा केला, त्यांनी मला ठेके शिकवले. तेव्हापासून मी तालावर मालीश केले आणि तालावरच शिकवले. पाठीला विलंबित एकताल, पोटऱ्यांना द्रुत तीनताल, समेवर अंगठ्याचा दाब. नियम एकच होता. तालाची फेरी पुरी होऊन सम आल्याशिवाय हात उचलायचा नाही. तीस वर्षे मी हे शिकवले आणि माझ्यासारखा शहाणा लखनौत दुसरा नाही असे मला वाटत होते.

कलम २. माझा जुना विद्यार्थी हरिहर. याने सहा महिने शिकून गोमती नगरात काचेच्या दाराचे दुकान थाटले. तिथे दिवसभर रेकॉर्डवरची बासरी वाजते आणि आत आल्याआल्या काकडीचे पाणी देतात. ते मी सोडून देतो. पण त्याने भिंतीवर माझा फोटो लावून त्याला हार घातला आहे आणि गिऱ्हाइकांना सांगतो, "गुरुजी अब नहीं रहे।" हे मला त्याच्याच एका गिऱ्हाइकाने, माझ्यासमोर पालथे पडून, मोठ्या हळहळीने सांगितले. हरिहरला मी माझा डग्गा देतो, एकटा डग्गा, जोडीचा तबला नाही. हार आता तसाच राहू द्यावा.

कलम ३. माझा मुलगा चि. सुजय. वरचा मजला, बँकेतली ठेव आणि त्याच्या आईचे दागिने त्याचे. माझा उजव्या हाताचा तबलाही त्याचा. सुजय अकरा वर्षांचा असताना एक मात्रा चुकला म्हणून मी त्याच्या बोटांवर पट्टी मारली. त्यानंतर त्याने तबल्याला हात लावला नाही. पोराला ताल चांगला होता, तो मला घाबरत होता. हे मला तेव्हा कळायला हवे होते. सुजय, माझे चुकले.

मात्र खालच्या खोलीवर तुझा हक्क नाही. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये माझी उजवी बाजू गेली, तेव्हा तू गोमती नगरातून कॅफेवाल्याला ही खोली दाखवायला घेऊन आलास, त्याने माझ्या डोक्यावरून टेप धरून भिंती मोजल्या आणि तू म्हणालास, "बाबा, अब आपसे साइन भी नहीं होगा। पावर ऑफ अटॉर्नी दे दीजिए, मैं देख लूँगा।" तू वाईट हेतूने बोलला नाहीस हे मला माहीत आहे. तरी त्या दिवशी मला फार लागले. उद्या तू कोर्टात म्हणशील की बाबांचे डोके ठिकाणावर नव्हते. म्हणून डॉक्टरांना बोलावून ठेवले आहे.

कलम ४. खालची खोली. ही शिकवणीची खोली माझ्या कमाईची आहे. लाकडी बाक, पितळी वाट्या, तेलाची शेगडी यांसह ती मी कु. विभा साळोखे हिला कायमची देतो. कारणे लिहितो, म्हणजे कोणी भलते तर्क लढवणार नाही.

विभाचे वडील हवाई दलात होते. पोरगी इथलीच, मराठी सगळे समजते पण बोलते हिंदीत. दहा वर्षांपूर्वी माझ्याकडे शिकायला आली. तिला मात्रा मोजता येईनात. पहिल्याच महिन्यात मी सर्वांदेखत जाहीर केले की हिच्या हाताला ताल नाही, ही फक्त तेल गरम करेल. नऊ वर्षे तिने तेल गरम केले.

मग मी आजारी पडलो. माझे लाडके विद्यार्थी पाळी लावून यायचे आणि माझ्याच पद्धतीने माझा हात चोळायचे. एकदा कळ थेट मस्तकात गेली. मी म्हटले, "थांब." तो गडी डोळे मिटून म्हणाला, "सर, आवर्तन तो पूरा होने दीजिए।" अजून सात मात्रा बाकी होत्या. त्या सात मात्रांत मला माझी पत्नी नयना आठवली. तिचे गुडघे दुखायचे. ती म्हणायची, "मी थांबा म्हणते आणि तुम्ही सम शोधत बसता. गुडघा माझा आहे की तबल्याचा?" मी हसायचो. नंतर तिने माझ्याकडून गुडघे चोळून घेणे बंद केले आणि बरे वाटते म्हणाली. मला वाटले, माझ्या हाताचा गुण.

दुसऱ्या दिवशी कोणी आले नाही म्हणून विभाने तेल खाली ठेवले आणि माझा हात हातात घेतला. मध्येच थांबली. मी विचारले, "कितवी मात्रा?"

"गिना नहीं, सर। आपकी साँस रुकी, तो मैं रुक गई।"

"हे कोणी शिकवलं तुला?"

"काकी ने। हर मंगलवार, जब आप रियाज़ पर जाते थे। घुटने मुझसे ही करवाती थीं।"

पाच वर्षे ही गोष्ट माझ्याच घरात चालू होती आणि मला पत्ता नव्हता. नयना जाऊन चार वर्षे झाली, आता कोणाशी भांडू? विभाला विचारले, काकी गेल्यावर तरी तू इथे का थांबलीस? म्हणाली, "आपको तेल गरम करना कहाँ आता है, सर।" हे खरे आहे.

विभा, मी तुझा अपमान केला आणि नऊ वर्षे तो चालू ठेवला. या खोलीत तू तुझ्या पद्धतीने शिकव. काम चालू असताना तिथे कोणी ठेका धरू नये, अगदी मी शिकवलेल्यांनीही. माझ्या तबल्याच्या कॅसेट नंदकुमारना द्यायच्या होत्या, पण साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकीलसाहेब म्हणतात. त्यांचा चेहरा पडला आहे. कॅसेट वर सुजयकडे राहतील, त्यांनी जिना चढून ऐकाव्यात.

कलम ५. माझे अंत्यविधी. आंघोळ घालताना तेल बेताने वापरावे. बासरी लावू नये. तेराव्याला रीतीचे जेवण करावे, आणि ज्यांना खरेच वाईट वाटत असेल त्यांनी मागच्या दाराने जाऊन चौकातली मटणाची निहारी खाल्ली तरी माझी हरकत नाही.

कलम ६. वकीलसाहेबांनी अंगठ्यासाठी शाईचा डबा आणला आहे. मी उजव्या हाताने सही करणार आहे. नाहीच जमले तर अंगठा घ्यावा, पण ते विभाला सांगू नये. तिने या हातावर पंधरा महिने घातले आहेत.

ठिकाण: चौक, लखनौ
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

(सही) हेमचंद्र गणपत शिंत्रे

साक्षीदारांचे निवेदन: वरील सही श्री. शिंत्रे यांनी आम्हा दोघांच्या समक्ष उजव्या हाताने केली. कु. विभा साळोखे यांना त्या वेळी खोलीबाहेर बसवले होते. आडनावापाशी त्यांचा हात थरथरू लागला. तेव्हा त्यांनी पेन उचलून बाजूला ठेवले, दोन मिनिटे विसावा घेतला आणि मग उरलेली सही पुरी केली. शाईचा डबा उघडावा लागला नाही.

१. (सही) नंदकुमार विष्णू आपटे
२. (सही) डॉ. दीप्ती सक्सेना