गाडीवाल्यांची बशी

आबा,

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि मला कॉलेज सोडून दीड. पहिली गोष्ट तुम्हाला ठाऊक, दुसरी सांगायची राहिली होती. आता कामथडीच्या फाट्यावर, पुणे-सातारा रस्त्याला लागून, मी बटाटेवड्याचं दुकान चालवतो. दुकान माझं, पाटी मात्र पुण्याच्या एका वडेवाल्या मालकांची. त्यांच्या दारात संध्याकाळी रांग लागते. कॉलेजात होतो तेव्हा मीही तिथं ताटकळलोय. एके दिवशी सरळ आत गेलो आणि म्हणालो, तुमचं नाव द्या, मसाला द्या, मोठ्या रस्त्यावर तुमची शाखा काढून दाखवतो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "आधी बटाटे सोल." महिनाभर सोलले. मग अनामत रक्कम, ग्रामपंचायतीचा दाखला, पत्र्याची शेड, दोन बाकं, मोठी कढई. सायकल विकली, घड्याळ विकलं, तरी भागेना, तेव्हा आईनं म्हैस विकली. दावं सोडताना एवढंच बोलली, "हिच्या दुधाला चव व्हती. तुझ्या वड्याला असू दे."

करारनाम्यात तीन अटी होत्या. मसाल्याचा डबा दर आठवड्याला पुण्याहूनच येणार, त्यात आपली चिमूटभरही भर घालायची नाही. वडा पितळी वाटीच्या मापाचा. आणि फुकट कुणालाही नाही, खुद्द मालक आले तरी पैसे घ्यायचे. मी वाचता वाचताच सही केली. घाई होती. घाई कसली, तेही सांगतो, तुमच्यापासून काय लपवायचं. एक मुलगी आहे, नसरापूरची. कॉलेजात माझ्या मागच्या वर्गात होती. तिचे वडील शाळेत मास्तर. त्यांच्या दारात जाऊन मी तिला मागणी घातली, तर म्हणाले, "अर्ध्यात सोडणाऱ्याला मी पोरगी देत नाही. आज कॉलेज सोडलंस, उद्या हिला सोडशील." मी म्हणालो, "दिवाळीपर्यंत थांबा. दुकान चालताना बघा, मग बोला." आवाज जरा चढला होता. जरा म्हणजे, शेजारची दोन घरं अंगणात आली.

पहिल्याच सकाळी साताऱ्याची गाडी फाट्यावर थांबली. वीस-पंचवीस माणसं उतरली, घाणा कढईतून निघेपर्यंत संपत होता. ड्रायव्हर-कंडक्टर बाकावर बसले, पोटभर खाल्लं, हात धुतले आणि निघाले. मी म्हणालो, "पैसे?"

ड्रायव्हर हसले. "नवीन हायस व्हय?"

"नवा असो नाहीतर जुना, शाखेचा नियम आहे. फुकट कुणालाच नाही."

कंडक्टरांनी मुकाट्यानं पैसे बाकावर ठेवले. ड्रायव्हर चढता चढता शांतपणे म्हणाले, "बरं हाय. मग आमचाबी एक नियम हाय. थांबा न्हाई तितं गाडी थांबत न्हाई."

दुसऱ्या दिवशी गाडी हॉर्न वाजवत समोरून गेली. तिसऱ्या दिवशी हॉर्नही नाही. आठवडाभर मी गार वडे आईपुढं नेऊन ठेवत होतो, आणि दिवाळी तीन आठवड्यांवर आलेली. मनात म्हणायचो, नियम तो नियम, मी का वाकू? आणि असं म्हणताना एक दिवस भाटघर आठवलं.

धरणाखाली आपली टपरी. मी आठ-नऊ वर्षांचा. गाडी वळण घेऊन उभी राहते, तुम्ही पहिला घाणा काढता, बशीत भजी घालता, वर मिरची ठेवता आणि ड्रायव्हरच्या हातात देता. मी ती बशी हिसकावून घेतो. "हे फुकटे रोज का खातात?" भजी मातीत. तुमच्या हातात झारा आहे, तापलेला, आणि मला वाटतं आता बसला पाठीत. तुम्ही मारत नाही. ड्रायव्हरपुढं हात जोडता, दुसरी बशी भरता. गाडी गेल्यावर मला जवळ बसवता. "आरं, पहाटं चारला उठून ती मान्सं आपल्या दारात पाव्हणं आणून सोडत्यात. घरी पाव्हणा आणला कुणी तर त्याला पाणी देतोस, का पैसं इचारतोस?" आणि मग झारा माझ्या हातात. "घे. पुढचा घाणा तू काढ." माझ्या हातानं काढलेली ती भजी करपली होती. तुम्ही ती सगळी खाल्लीत.

नवव्या दिवशी मी कागदात सहा वडे बांधले, नसरापूरच्या फाट्यावर जाऊन तीच गाडी पकडली आणि ड्रायव्हरांच्या मागं उभा राहिलो. "माझं चुकलं," म्हणालो. हे दोन शब्द मी कॉलेजात प्राचार्यांपुढं काढले असते तर आज पदवीधर असतो.

"आन् नियमाचं काय?" त्यांनी आरशातनं विचारलं.

"नियम आहेच. तुमच्या दोघांचे पैसे रोज मी माझ्या खिशातून गल्ल्यात टाकणार."

ते कंडक्टरांकडं वळून म्हणाले, "ऐकलं का? ह्यो गडी सोताच्याच दुकानात गिऱ्हाईक झाला!" सगळी गाडी हसली. मीही. गाडी फाट्यावर थांबली आणि तेव्हापासून रोज थांबते. मागच्या आठवड्यात पुण्याचे मालक न सांगता येऊन कोपऱ्यात बसले होते. दोघं तसेच उठून गेलेले त्यांनी पाहिलं, मी खिशातून पैसे गल्ल्यात टाकले तेही पाहिलं. त्यांनी स्वतःच्या वड्याचे पैसे दिले आणि म्हणाले, "पाटी राहू दे." आबा, दुकान चालणार. याबद्दल माझ्या मनात आता तिळमात्र शंका नाही.

उद्या मास्तर दुकान बघायला येणार आहेत, तीही बरोबर येईल. ते विचारतील, वडील काय करायचे. इथंच घोडं अडलंय. कॉलेजात मी सगळ्यांना सांगितलं होतं की तुम्ही धरणाच्या कचेरीत कारकून होता. तिलाही तेच सांगितलं. एकानं सगळ्यांदेखत म्हटलं, "याचा बाप भजी तळायचा," तर मी त्याचं नाक फोडलं. प्राचार्य म्हणाले, माफी माग. मी वही उचलली आणि निघालो. तो खोटं बोलला असं ती अजून समजते. खरं तोच बोलत होता.

तुमचा झारा मी दुकानात नेलेला नाही. घरी फडताळात आहे. आई रोज म्हणते ने, मी म्हणतो पुण्याच्या पाटीखाली तो शोभायचा नाही. उद्या नेतो. पहिला घाणा त्यानंच काढतो, गाडीवाल्यांची बशी भरतो आणि मास्तरांनी विचारायच्या आत सांगतो, हा कुणाचा ते. हे पत्र त्या रिकाम्या जागी ठेवतोय. आज संध्याकाळपासून तीनदा झारा काढून पिशवीत घातला, आणि दोनदा परत ठेवला.