कानातला मंत्र

बाबा, मला तुमचा राग आहे, हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण तुम्ही वागलातच तसं.

मागावर बसलात की तुमचे ओठ हलायचे. धोटा इकडून तिकडे, ओठ हलताहेत, आवाज नाही. मी खाली बसून सुताच्या कांड्या भरता भरता विचारायची, "काय म्हणून राहिले जी बाबा?" तुम्ही म्हणायचात, "गुरूनं देलेला मंत्र हाय. कोनाले सांगतला का त्याचं सत्त्व जाते." लाखांदूरकडच्या एका म्हाताऱ्या गुरूकडून तुम्ही लग्नाआधीच कान फुंकून घेतले होते. आईलासुद्धा कधी सांगितलं नाहीत. ती चिडवायची, "मी का चोरून नेतो तुमच्या देवाले?" तुम्ही हसायचात, आणि माग पुन्हा सुरू.

मग लकवा आला. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. शेवटी शेवटी तुम्ही माझा हात धरून स्वतःच्या कानाकडे ओढता. मला वाटतं कान दुखतोय, म्हणून मी आपली तेल कोमट करून घालते! आईला मात्र कळतं. "मंत्र मागून राहिले वं. जाताना मानसाच्या कानात त्याचा मंत्र पडाले पायजे न." आणि तो आम्हा दोघींनाही माहीत नाही. तुमचे गुरू तर कधीच गेलेले.

मी तुमच्या कानाशी बसते. रामाचा म्हणते. विठ्ठलाचा, दत्ताचा. गायत्री म्हणते, तीही अर्ध्यात चुकते. "बाबा, हा का जी?" तुम्ही मान हलवता, नाही. 'ॐ नमः शिवाय' म्हटलं तेव्हा मान हलली नाही, डोळ्यातून पाणी आलं. आई ओरडलीच, "सापडला वं बाई, सापडला!" तुम्ही जाईपर्यंत ती तोच तुमच्या कानात म्हणत राहिली. पण बाबा, तो डोळा लकव्यानंतर मिटतच नव्हता. त्यातून रोजच पाणी गळायचं, मीच तर पुसायची. आणि मान हलवून तुम्ही थकला होतात. तुमच्या माळेवर आई अजून तोच जपते. तिला मी काही बोलले नाही, बोलणारही नाही.

यंदा तिच्याच आग्रहानं मी लाखनीला जाऊन गुरू केला. त्यांनी कानात मंत्र दिला, कोणाला सांगायचा नाही म्हणून बजावलं. मी हो म्हटलं. एसटीनं घरी आले, पाय धुतले, आणि पोळ्या लाटणाऱ्या लेकीच्या कानात तो सगळाच्या सगळा सांगून टाकला. पोरगी हसायला लागली. "आई, हा तं सगळ्यायलेच येते!"

बाबा, मी ओट्याला टेकून ढसाढसा रडले. तुमचाही असाच होता का हो, सगळ्यांना येणारा? मी म्हटलेल्यांतलाच एखादा, अन् मला तुमचा चेहरा वाचता आला नाही? की राहूनच गेला? जरा ओठ मोठ्यानं हलवले असते तर काय बिघडलं असतं!

हा कागद आईच्या हाती लागला तर तिचा जप थांबेल, म्हणून आजच चुलीत घालणार आहे. माझ्या मंत्राचं सत्त्व गेलं असेल तर जाऊ दे. लेकीला सांगून ठेवलंय, माझ्या वेळी हाच म्हण. आणि ऐन वेळी नाही आठवला, तर शोधत बसू नको बाई, नुसती 'आई' म्हणून हाक मार.