सासूबाईंचं जुळं केळं

आत्याबाई,

भाजीची पिशवी निफाडहून पोचली. तळाशी फडक्यात गुंडाळलेलं जुळं केळंही मिळालं. लग्नाआधी माझी आई असलं केळं हातातून हिसकून घ्यायची, "जुळी होतील गं!" म्हणत. तुम्ही मात्र शोधून शोधून पाठवता आणि नातवंडाबद्दल चकार शब्द काढत नाही.

खरं तर मूल व्हावं म्हणून डॉक्टरांनी खाणं सुधारायला सांगितलंय ते तुमच्या ज्ञानेशला, मला नाही. गुटखा सुटला, पालकही मुकाट गिळतो. "आईला कळू देऊ नको," म्हणतो, म्हणून मी गप्प. आज सांगूनच टाकावं म्हणून इथवर लिहिलं, तेवढ्यात तुमचा फोन आला. "केळ्यातलं निम्मं ज्ञानाला दे बरं. त्यालाबी लागंल."

म्हणजे तुम्हाला कधीचंच कळलंय! आता हे पत्र कशाला धाडू? केळं सोलते.

तुमचीच,
शुभांगी