एक चाक वर, एक चाक खाली

दि. ११ मार्च, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. गॅरेजच्या बाकावर बसून एकेचाळीस दात चौथ्यांदा मोजत आहे.

तीर्थरूप मामांना आणि मामींना साष्टांग नमस्कार. इकडे मी ठीक आहे, ट्रकही ठीक आहे (म्हणजे उघडा आहे). तुमच्या पायाचे प्लास्टर कधी निघणार ते कळवावे. आत पट्टी घालून खाजवू नये, असे गॅरेजचे मिस्त्री सांगतात. त्यांचा पाय दोनदा मोडला आहे.

तुम्ही म्हणाला होतात, "ट्रक चढाला दम टाकतो. मागच्या एक्सलचा रेशो बदलून घे. एवढं नीट केलंस तर बंद गाड्या ओढायच्या या टोचनच्या ट्रकची किल्ली तुझी, नाहीतर मी दुसरा ड्रायव्हर बघतो." हे मी वहीत शब्दशः उतरवले. कोणता रेशो, ते मात्र विचारायचे राहिले (तेव्हा तुम्हाला स्ट्रेचरवर घेत होते). म्हणून दुकानात जाऊन जास्त रेशो मागितला. दुकानदार म्हणाले, "जास्त म्हणजे ओढ जास्त की पळणं जास्त?" मी म्हटले, दोन्ही. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावून माझ्याकडे पाहिले. मग समजावले, की चाकाच्या एका फेऱ्यात इंजिनाकडून येणारा लांब दांडा जितक्या वेळा फिरतो, तो रेशो. आकडा मोठा तर ओढ जास्त, वेग कमी. हे मला घरी पोचेपर्यंत पक्के कळलेले होते. जेवताना उलटे झाले.

आधी आपला आत्ताचा आकडा काढ, असेही ते म्हणाले होते. आपल्याकडे जॅक एकच (दुसरा तुम्ही कोणाला दिलात, ते तुम्हालाच ठाऊक), म्हणून डावे मागचे चाक उचलले, चाकावर आणि दांड्यावर खडूची खूण केली आणि चाक हाताने फिरवले. चाकाचा एक फेरा, दांड्याचे दोन आणि वर किंचित. सात वेळा मोजले. दोन पूर्णांक शून्य पाच. दुकानदार म्हणाले, "अरे, हा ट्रक आहे की शर्यतीची गाडी?" मला वाटले, तुम्हाला ट्रक विकणाऱ्याने फसवले. बरोबर दुप्पट, म्हणजे चार पूर्णांक दहाची जोडी मागवली. निर्णय घेतल्यावर फार हलके वाटले, हे मुद्दाम नोंदवतो.

आज मिस्त्रींनी एक्सल उघडला. जुन्या मोठ्या चक्राला दात एकेचाळीस, लहानाला दहा. नव्या मोठ्याला एकेचाळीस, लहानाला दहा. मिस्त्रींनी दोन्ही जोड्या शेजारी शेजारी मांडल्या, हात पुसले आणि शांतपणे विचारले, "यातली कुठली बसवू?" मग म्हणाले, एक चाक जमिनीवर अडकले असले की दुसरे दुप्पट फिरते आणि आकडा निम्माच येतो, दोन्ही उचलायची असतात रे बाबा. मला हे अजून नीटसे कळलेले नाही, पण दात मोजता येतात.

आपला आज्ञाधारक,
भाचा

ता. क. दुकानदार माल परत घेत नाहीत. तुम्ही फोन केलात तर घेतील, असे त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले.

ता. क. दुसरा. रेशो आधीपासून बरोबर होता, मग ट्रक ओढत का नव्हता, असे तुम्ही विचारालच. चढाला दम टाकला त्या दिवशी ट्रकच्या मागे दोराने बांधलेली दातांच्या डॉक्टरांची मोटार काल गॅरेजात आली. ब्रेक जळून कोळसा झाले आहेत. मिस्त्रींनी विचारले, "हिच्यात स्टिअरिंगला कोण बसलं होतं?" मामा, मी बसलो होतो. तुमचा ट्रक फार जवळ दिसत होता, म्हणून चढ संपेपर्यंत पाय ब्रेकवर ठेवला. जळका वास आला तेव्हा तुम्ही क्लचला दोष दिलात. मी मधे बोललो नाही.

खर्च: जोडीची आगाऊ रक्कम नऊ हजार, एक्सलचे तेल बाराशे, खडू पाच.
देणे: दुकानदार साडेनऊ हजार, मिस्त्री दोन हजार, डॉक्टरांचे ब्रेक (आकडा विचारायचे धैर्य झाले नाही).
शिल्लक: किल्ली एक. खिशात आहे. तुमचे पत्र येईपर्यंत राहू द्यावी, ही विनंती.