एकाच भांड्यातलं

१२ मार्च, बुधवार
बेळगावच्या दवाखान्यातनं आलो. ह्यास्नी गाडीतनं उतरवून घ्याय शेजारची दोघं लागली. अंगावरनं वारं जाऊन उजवी बाजू लुळी पडली ती पडली, आता गिळणं पण बिघडलंय. तिथं एक कानडी पोरगी हाय, गिळायचं शिकवते. बोलाय गोड. ह्यास्नी चमच्यानं पाणी दिलं, ठसका. परत दिलं, परत ठसका. मग घट्ट पेज दिली, ती गेली. म्हणली, "आजी, पातळ काय द्यायचं न्हाय. पाणी न्हाय, चहा न्हाय. फुफ्फुसात जातंय." हनुवटी छातीकडं घालून गिळायचं. ईस्टर झाल्यावर परत बगणार. ठसका थांबला न्हाय तर नाकातनं नळी.
नळी म्हणताच ह्यांनी डाव्या हातानं पलंगावर थाप मारली. "नगं." बोलणं गेल्यातच जमा, एखादा शब्द निघतोय. हा मातर स्वच्छ.

१४ मार्च, शुक्र.
चहात दवाखान्यातनं दिलेली ती डब्यातली पावडर घालून घट्ट केला. आदी मी चाखला. खळ हाय नुसती. ह्यांनी कप ढकलला. जलमभर सरकारी बस चालवली, निपाणी ते बेळगाव प्रत्येक टपरीवाला ह्यास्नी वळखतोय. त्या माणसाला खळ पाजायची. नाचणीची आंबील घट्ट केली, ती खाल्ली.
रूथचा फोन. आमची लेक, बेळगावात कॅम्पात ऱ्हाते, नर्स हाय. "आई, घर बंद करा नि दोघं इकडं या." म्हणलं, बगू. बगू म्हंजे न्हाय, हे तिला म्हाईत हाय.

१६ मार्च, रवि.
शेजारणीला बसवून चर्चला एकटी गेलते. पास्टरांनी प्रार्थनेत ह्यांचं नाव घेतलं. सगळी वळून माझ्याकडं बगाय लागली. बाहेर पडल्यावर सलाम आक्का, कसं हाईत दानिएल आण्णा, देव बगतोय आक्का. बगतोय की. पर ह्यांची कूस मला बदलाय लागते.
घरी आले तर हे दाराकडं तोंड करून. उपासना कशी झाली ते डोळ्यानं इचारलं. म्हणलं, लांबली.

२१ मार्च, शुक्र.
चर्चच्या महिला मंडळाची बेबी केळी घेऊन आलती. मनाची चांगली, नुसती हळहळ लई. माझा हात धरून बसली, हिकडं चूल पेटलेली.
चर्चात प्रभुभोजनाला भाकरीसंगट सगळ्यास्नी देत्यात तो रस सासूबाईंपासनं आमच्याच घरात हुतोय. काळ्या मनुका भिजवायच्या, उकळायच्या, कुस्करून फडक्यातनं गाळायच्या. चोथा गटारीत टाकायचा न्हाय, कढीपत्त्याच्या बुडात पुरायचा. आता बेबी म्हणते, "आक्का, औंदा पवित्र गुरुवारचा रस तुमी करू नगासा. कमिटीनं ठरवलंय, इकतच्या बाटल्याच आणायच्या. तुमच्या मागं किती हाय!"
म्हणलं, आणा. खरं लिवायचं तर हायसं वाटलं.

२६ मार्च, बुध.
सकाळपासनं हे कायतरी सांगाय बगत्यात. हात आडवा धरून हवेत फिरवला. मला वाटलं स्टेरिंग. डोकं हलवलं. परत तसंच. मग कळलं, तबक. चर्चात रसाच्या लहान ग्लासांचं तबक हेच फिरवायचे, चर्चच्या कारभारी वडील मंडळीत हुते तवापासनं. "गुर्वार," म्हणाले.
म्हणलं, रस पातळ असतोय. ठसका लागंल. तर माझ्यावरच डोळं वटारलं.

२८ मार्च, शुक्र.
पास्टर आलते. नवीन हाईत, धारवाडकडचं, मराठीत कानडी मिसळत्यात. पर ऐकून घेत्यात. म्हणाले, "आक्का, काळजी नको. आण्णांसाठी वेगळं काहीतरी घट्ट करून मीच घरी आणून देतो की."
वेगळं म्हणल्याबरोबर ह्यांनी तोंड भिंतीकडं केलं. प्रार्थना झाली तरी वळले न्हाईत.
पास्टर दारात चपला घालत इचारत्यात, माझं काय चुकलं? सांगिटलं. आमच्या सासऱ्यांना गावच्या हाटेलात चहा वेगळ्या कपात मिळायचा. कप बाहेर कोनाड्यात. पिऊन आपणच धुवून ठेवायचा. चर्चात आले तवा पयल्यांदा सगळ्यांच्या भांड्यातलं तोंडाला लागलं. मरूस्तवर तीच एक गोष्ट सांगायचे, नि हे ती ऐकत वाढले.
पास्टर म्हणाले, "मला ठाऊक नव्हतं."
म्हणलं, आता ठाऊक झालं की.

३० मार्च, रवि.
भांडी घासताना सुचलं. गाळून खाली जातो तो रस, वर ऱ्हातो तो गर. भांडं एकच. रस मंडळीला, गर ह्यास्नी. लगेच मूठभर मनुका उकळल्या, कुस्करल्या, चमचाभर दिला.
साल अडकली. ठसक्यावर ठसका, तोंड काळंनिळं. पुढं वाकवून पाठीत मारलं, प्रभू प्रभू म्हणून वरडले. साल बाहेर आली. मी भुईवरच बसले. रूथला सांगायचं नव्हतं, पर सांगिटलं.
"आई! तुझं प्रयोग करू नको म्हणून किती येळा सांगू?"
मग म्हणली, ताप येतोय का, छातीत घरघर हाय का, रोज बग.

१ एप्रिल, मंगळ.
ताप न्हाय. छातीत घरघर न्हाय. उपकार देवाचं.

४ एप्रिल, शुक्र.
रूथनं आपणहून त्या गिळायचं शिकवणाऱ्या पोरीला इचारलं. पोरगी म्हणली चालंल, पर साल नको, कण नको. चमचा तिरका केला की गोळा पडाय पायजे, सरसर वाहिला तर देऊ नगा. रूथ सुट्टी टाकून आली, माझ्या डोक्यावर उभी. गर फडक्यातनं दाबून काढला, परत दाबला. मनगटं भरून आली. चमचा तिरका केला, गोळा पडला.
"बाबा, हनुवटी खाली. गिळा." गेला. ठसका न्हाय. रूथनं डोळं पुसलं, मी फडकं पिळलं.
ह्यांनी बोट दाखवलं चमच्याकडं. "येगळं?"
"न्हाय वं. सगळ्यांचं ह्याच भांड्यातलं."
म्हणले नि जीभ चावली. औंदा तर बाटल्या येणार!

५ एप्रिल, शनि.
बेबीकडं गेले. बसले न्हाय.
"औंदाचा रस मी करणार."
"आवं आक्का, बाटल्या आल्या पण! तुमाला तरास नको म्हणून..."
"तरास माझा हाय. तू कशाला वाटून घेतीस?"
तिचा चेहरा पडला. मग बसले नि सगळं सांगिटलं, कपाचं पण. ती रडाय लागली. म्हणलं रडू नको, मनुका निवडाय ये. देठं लई असत्यात. बाटल्या संडे स्कूलच्या पोरास्नी ईस्टरला. पोरं खुश हुत्यात.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
पोरं झावळ्या घेऊन गाणं म्हणत दारापर्यंत आली. ह्यांच्या डाव्या हातात एक दिली. दुपारपर्यंत सोडली न्हाय. आंबील भरवताना माझ्या नाकात गेली.

१६ एप्रिल, बुध.
बेबी नि तिची सून, दोघी आल्या. मनुका निवडताना बेबीची बडबड. "आक्का, साखर किती?" हातानं. "हातानं म्हंजे किती?" म्हणलं, चुकशील तवा कळंल. ह्यांचा पलंग सैपाकघराच्या दाराशी ओढला. भांड्यावर नजर ठेवून हुते, पोलिसागत. रस गाळला, बाटल्यांत भरला. मग त्यांच्यासमोरच त्याच फडक्यातनं गर दाबला. मान हलवली त्यांनी.

१७ एप्रिल, पवित्र गुरुवार
व्हीलचेर दाराच्या पायरीला अडली, चौघांनी उचलली. मला नको हुतं एवढं. ह्यास्नी बरं वाटलं असणार.
भाकरीचं काय ते पास्टरांनी ठरवलं. तुकडा सगळ्यांबरोबर ह्यांच्या तळहातावर ठेवला. "आण्णा, हातात भाकर, तोंडात आक्का देतील तेवढंच. देवाला पुरतंय." ह्यांनी मूठ मिटली.
तबक आलं. ग्लासांच्या मधी आमची गराची वाटी, वेगळी न्हाय, त्यांच्यातच ठेवलेली. हे बेबीचं काम. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी न्हाय घातली. मी ह्यांचा गळा बगत हुते. चमचा दिला. हनुवटी खाली. गळ्याचं हाड वर गेलं, तिथंच थांबलं. प्रभू, आता ठसका नको, एवढीच माझी प्रार्थना. मग खाली आलं.
ठसका न्हाय.
माझ्याकडं बगून काय म्हणावं? "साखर कमी."
पुढच्या बाकावरची हसली. हसू दे.

२० एप्रिल, ईस्टर
पहाटेच्या उपासनेला गेले न्हाय. गाणी घरापर्यंत येत हुती, हे डाव्या हातानं ताल धरून. रूथ आली, नवी साडी आणली, ती मी नेसले न्हाय.
दुपारी आंबिलीला एक ठसका. बारीकच. रूथनं बगितलं, मी बगितलं, ह्यांनी आमच्याकडं बगितलं. मी पुढचा चमचा जरा कमी भरला.

२१ एप्रिल, सोम.
उद्या सकाळी बेळगाव. पोरगी परत पाणी देऊन बगणार. रूथनं तिच्या घरात खालची खोली रिकामी केलीय, पलंग पण आणलाय. म्हणते, "नळी घालाय लागली तर इथंच ऱ्हावं लागंल, आई." या खेपेला बगू म्हणले न्हाय.
रसाचं भांडं बेबीकडं दिलं. फडकं मागत हुती, ते दिलं न्हाय. धुऊन वाळत घातलंय.
पिशवी भरली. ह्यांचं कपडं, टॉवेल, नाचणीचं पीठ. हे पलंगावरनं खुणावत्यात, अजून कायतरी ऱ्हायलंय. औषधं? न्हाय. चष्मा? न्हाय. मग कळलं. गुरुवारचा तो चमचा.
वरच ठेवलाय, हाताला येईल असा.